मेंटेनन्ससाठी कॉर्डलेस टूल्स घ्यायची आहेत, वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

फिटर_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. तीन पाळ्या, पाळीला दोन फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन. आजवर आमचं सगळं वायरच्या टूल्सवर चाललं.

मागच्या महिन्यात रात्री अडीचला दाणा वर नेणाऱ्या कन्व्हेयरचं ब्रॅकेट निखळलं. नवी पट्टी मारायची, त्यासाठी दोन भोकं पाडायची, एवढंच काम. पण मेझनाइनवर सॉकेट नाही. खालून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, तो पुरेना, दुसरा जोडला. शिडीवरून हात वर केला की जोडातली पिन निघायची. भोकं पाडायला चार मिनिटं लागली आणि वायर लावायला पंचवीस. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, अर्धा तास कशात गेला? मी सांगितलं, वायर ओढण्यात. त्यांनी त्याच दिवशी कॉर्डलेसचा इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकायला सांगितलं.

आता प्रश्न असा की घ्यावं काय. १२ व्होल्ट की १८? की ते २० लिहिलेलं? ड्रिल, इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर, हॅमर सगळं एकाच कंपनीचं घ्यावं का? आणि तीन पाळ्यांत बॅटऱ्या कुणी सांभाळायच्या? पर्चेसवाले तीन कोटेशन मागतात, म्हणजे तीन कंपन्यांची तीन टूल्स गळ्यात पडायची भीती आहे. ज्यांनी रोज हातात धरलीत त्यांनी लिहा.

पान्हा_१९

आधी बॅटरी ठरवा, टूल मागून. एकदा एका कंपनीच्या चार बॅटऱ्या आणि दोन चार्जर घेतले की पुढचं प्रत्येक टूल नुसतं, बिनबॅटरीचं घेता येतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. तीन कंपन्यांची तीन टूल्स आणलीत तर रात्री अडीचला चार्ज असलेली बॅटरी नेमकी दुसऱ्या टूलची निघेल.

सातपूरकर

१८ आणि २० हे एकच आहे, त्यात अडकू नका. पॅकमध्ये लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणून १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४ व्होल्टच्या वर जातो, तेव्हा मीटरला २० च्या वर दिसतं. काही कंपन्या तो वरचा आकडा लिहितात.

खरा फरक एएचमध्ये (अँपिअर-तास, म्हणजे पॅकमध्ये किती चार्ज मावतो) आहे. २ एएचच्या पॅकमध्ये साधारणपणे पाच सेलची एकच ओळ असते, ५ एएचमध्ये दोन ओळी. दोन ओळी असल्या की प्रत्येक सेलवर निम्मा करंट येतो, पॅक कमी तापतो आणि जोर पडल्यावर व्होल्टेज कमी ढासळतं. म्हणून तेच ड्रिल ५ एएचवर जास्त दमाचं वाटतं. नुसतं जास्त वेळ चालतं एवढाच त्याचा अर्थ नाही.

मात्र शिडीवर चढून डोक्याच्या वर काम असेल तर २ एएचच लावा. पॅनलच्या आतल्या कामाला १२ व्होल्टचा छोटा स्क्रूड्रायव्हर इलेक्ट्रिशियनला वेगळा द्या. तो खिशात मावतो आणि टर्मिनलचे आटे खात नाही.

ऑफसीझन

मी साखर कारखान्यात आहे, कोल्हापूरकडे. आमचं सगळं मेंटेनन्स गळीत संपल्यावर. पाच-सहा महिने रस, वाफ आणि चिखल खाल्लेले बोल्ट सोडवायचे. केन कॅरिअरच्या, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या कन्व्हेयरच्या, पट्ट्यांना हजारोंनी बोल्ट असतात आणि एकही सरळ सुटत नाही. पूर्वी दोन माणसं, एक रिंग पान्हा आणि पान्ह्यावर चढवलेला पाइप असा कार्यक्रम असायचा. पाइप निसटला की बोटं जायची. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच (ठोके देत नट फिरवणारं टूल) आल्यापासून ते काम एक माणूस उभ्याने करतो. नुसता वेळ वाचला असं नाही, माझ्या हेल्परची कंबर वाचली.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात छापलेला टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, आकडा बहुतेक वेळा नट सोडवण्याचा असतो. आवळण्याचा आकडा लहान अक्षरात असतो आणि तो बराच कमी असतो. एम १६ (१६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट) पर्यंत अर्धा इंची छान चालतो. गंजलेल्या एम २४ ला पाऊण इंचीच लागतो, तिथे अर्धा इंची नुसता टकटक करत बसतो आणि बॅटरी तापते.

दुसरी गोष्ट गोट्यांची, म्हणजे टूलच्या टोकाला लावून नटावर बसवायच्या सॉकेटची. इम्पॅक्टला काळ्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच लावा. मागच्या वर्षी आमच्याकडे एकाने घाईत हातपान्ह्याची चकचकीत क्रोम गोटी लावली. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ती उभी चिरली आणि तुकडा त्याच्या चष्म्यावर बसला. काचेवर नखाएवढी अर्धगोल खोक पडली. तो चष्मा आम्ही टूल रूममध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. नवा पोरगा आला की आधी तो हातात देतो, मग इम्पॅक्ट.

फिटर_चाकण

@ऑफसीझन, चष्म्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे चकचकीत गोट्यांचाच सेट आहे. इम्पॅक्ट गोट्या १३ पासून ३० पर्यंत इंडेंटमध्ये टाकल्या.

@सातपूरकर, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

भोसरी_हवा

मी उलट सांगतो. कारखान्यात हवेची लाइन आहे ना? मग न्यूमॅटिक टूल्स का नाही? तापत नाहीत, चार्जिंगची कटकट नाही, बारा-पंधरा वर्षं चालतात, पाणी उडालं तरी शॉक नाही. आमच्या असेंब्लीवर न्यूमॅटिक इम्पॅक्ट तिन्ही पाळ्या चालतात. कुठलीही बॅटरी इतकं सलग काम करणार नाही.

पान्हा_१९

@भोसरी_हवा, असेंब्लीवर माणूस एका जागी उभा आणि काम त्याच्याकडे येतं. मेंटेनन्समध्ये काम जिथे असेल तिथे माणूस जातो. वायरच्या जागी होस ओढायचा, तर धाग्यातला प्रश्न तसाच राहिला.

सातपूरकर

शिवाय हवा फुकट नसते. काँप्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम दहा-पंधरा टक्के भाग कामाला येतो, बाकी उष्णता. गळती वेगळी. भोसरीची गुरुवारची सुट्टी असताना सगळं शांत झालं की एकदा लाइनच्या कडेने चालून बघा, किती ठिकाणी फुसफुस ऐकू येते ते.

भोसरी_हवा

गळतीचं मान्य, गेल्याच महिन्यात आम्ही कपलिंग बदलली. पण सलग कामाचं माझं म्हणणं कायम आहे.

वायरमन_वाळूज

या चर्चेत सुरक्षेचा मुद्दा अजून आला नाही, म्हणून लिहितोय. टाकी, पिट, डक्ट अशा बंदिस्त जागेत पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय २४ व्होल्टच्या वरचा हातातला दिवा किंवा विजेचं कुठलंही उपकरण वापरायचं नाही, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६-अ मध्येच लिहिलं होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). दिव्याला आपण २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो आणि त्याच टाकीत २३० व्होल्टचं ग्राइंडर घेऊन उतरतो. ओली टाकी, घामेजलेला माणूस, सोललेली वायर.

आमच्या जुन्या कारखान्यात कूलिंग टॉवरच्या तळात एकाला असा झटका बसला. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) होती म्हणून तो बचावला. त्याचे थरथरणारे हात मी धरले होते. तेव्हापासून टाकीत उतरताना मी बॅटरीचंच टूल देतो. पॅक पूर्ण भरलेला असला तरी २१ व्होल्टच्या पुढे जात नाही. माझ्या लेखी कॉर्डलेस घ्यायला हे एकच कारण पुरे आहे.

नवा_फिटर

आणि ब्रशलेस असेल तर ठिणगीही नाही, म्हणजे केमिकल प्लांटमध्येपण चालेल ना?

तारापूरकर

नाही. कृपा करून असं कुणी करू नका.

@नवा_फिटर, ब्रशलेसमध्ये कोळसे नसतात, म्हणून कोळशाची ठिणगी नाही, इतकंच खरं. पण स्विच आहे, बॅटरीचे उघडे टर्मिनल आहेत, आतलं सर्किट आहे, बिट लोखंडावर घासतो तेव्हाची ठिणगी आहे. सॉल्व्हंटची वाफ असेल तिथे साधं कॉर्डलेस हे ठिणगीचंच साधन धरायचं. त्याच कलम ३६-अ चा दुसरा भाग हेच सांगायचा: ज्वालाग्राही वायू, वाफ किंवा धूळ असण्याची शक्यता असेल तिथे फ्लेमप्रूफ दिव्याशिवाय दुसरा दिवा नाही.

आमच्याकडे सॉल्व्हंटच्या भागात कॉर्डलेस न्यायचं तर हॉट वर्क परमिट लागतं, वेल्डिंगला लागतं तसंच. आधी गॅस टेस्ट, मग सही, मग टूल. परमिट नसेल तर न ठिणगणारे तांबट रंगाचे पान्हे आणि हाताचा जोर. वेळ लागतो, लागू द्या.

नवा_फिटर

समजलं दादा. कालच आमच्या रंगाच्या स्टोअरमध्ये ड्रिल घेऊन गेलो होतो. उद्या सुपरवायझरना विचारून परमिटचं बघतो.

स्टोअरताई

धागा आज सकाळी वाचला. बॅटऱ्या कुणी सांभाळायच्या, या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. तो माझा विषय आहे. नाशिकच्या एका मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं स्टोअर सांभाळते.

आमच्याकडे कॉर्डलेस आलं तेव्हा आठ बॅटऱ्या होत्या. सहा महिन्यांत पाच उरल्या. एक हरवली, एक कुलंटमध्ये पडली आणि एक मेली. चोरी कुणीच केली नव्हती. ए शिफ्ट उतरलेली बॅटरी तशीच कपाटात टाकून जायची, बी शिफ्ट ती घेऊन मशीनवर जायची, परत यायची, चिडायची. मग प्रत्येक जण एक चांगली बॅटरी आपल्या लॉकरमध्ये लपवू लागला. त्यांचीही चूक नाही. ब्रेकडाउनला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

मग मी प्रत्येक बॅटरीवर ऑइल पेंटने नंबर टाकला आणि खाली सेवेत आल्याचा महिना. भिंतीवर फळी ठोकून दोन खण केले, एक हिरवा आणि एक लाल. भरलेली हिरव्यात, उतरलेली लाल खणात. लाल खणातली उचलून चार्जरला लावायची जबाबदारी फक्त स्टोअरची. फिटरने चार्जरला हात लावायचा नाही. वहीत नंबर, वेळ आणि सही. सुरुवातीला लोक वैतागले, पण दोन आठवड्यांत लॉकरमधल्या बॅटऱ्या आपणहून फळीवर आल्या, कारण हिरव्या खणात कधीही हात घातला तरी भरलेलीच मिळायची.

वहीचा आणखी एक फायदा झाला. चार नंबर सारखी सारखी लाल खणात येतेय हे वहीत दिसलं. तपासली तर तिचा एक सेल गेला होता. वॉरंटी संपायला तीन आठवडे होते, बदलून मिळाली.

आणि चार्जर कुठे ठेवताय ते बघा. तापलेला पॅक लावला तर चार्जर सुरूच होत नाही, नुसता दिवा लुकलुकत राहतो आणि लोकांना वाटतं चार्जर बिघडला. आमचा चार्जर आधी हीट ट्रीटमेंटच्या भिंतीला होता. तो एसी असलेल्या पॅनल रूमच्या बाहेर हलवला आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

फिटर_चाकण

ताई, हेच हवं होतं. चार्जर मी मशीन नंबर ६ च्या बॅरल हीटरशेजारच्या बोर्डावर लावणार होतो, कारण तिथे सॉकेट रिकामं आहे. आता स्टोअरच्या खिडकीजवळ नवीन बोर्ड मारून घेतो.

जुना_फोरमन

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण असा धागा दिसला की हात शिवशिवतात.

बॅटरीचं ड्रिल नवं नाही. ब्लॅक अँड डेकरने १९६१ सालीच काढलं होतं. आपल्या हातात ते यायला नव्वदचं दशक उजाडलं. १४.४ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा पॅक, आत १.२ व्होल्टचे बारा सेल, आणि वजन असं की दिवसभर वापरलं की रात्री मनगट वळायचं नाही. अर्धवट उतरलेला चार्जला लावला की तो जणू तेवढंच लक्षात ठेवायचा. म्हणून आम्ही पोरांना शिकवलं, पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नका.

ती शिकवण आता विसरा. लिथियमला ती घातक आहे. जोर कमी झाला की काढा आणि चार्जला लावा. ट्रिगर दाबदाबून शेवटचा थेंब पिळू नका. आणि पूर्ण उतरलेला पॅक महिनोन्महिने कपाटात ठेवू नका. ठेवायचाच असेल तर निम्मा भरलेला ठेवा, सावलीत. आमच्या पिढीने शिकवलेली पोरं आता फोरमन झालीत, त्यांच्या तोंडी अजून जुनंच वाक्य आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ऑफसीझन

काका, आमचे फोरमन अगदी हेच सांगतात, पूर्ण उतरव मग लाव. तुमचा प्रतिसाद त्यांना दाखवतो. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

पवनचक्की_सातारा

वनकुसवडेच्या पठारावर काम करतो. आमच्याकडे टूल वर नेणं हेच अर्धं काम. दोन नियम सांगतो. टूलला आणि बॅटरीला, दोन्हीला दोरी हवी. टूलला बांधतात, पण पॅक टूलमधून सुटून पडू शकतो हे विसरतात. आणि वर जाताना बॅटरी वेगळ्या पिशवीत न्यायची, खिळे-वायसरबरोबर एका पिशवीत कधीच नाही. टर्मिनलवर लोखंड आलं की शॉर्ट.

इम्पॅक्टने आवळणं हे शेवटचं आवळणं नव्हे. ८.८ ग्रेडच्या एम १६ ला साधारण २०० न्यूटन-मीटर लागतो, एम २० ला ४०० च्या आसपास. इम्पॅक्ट किती ठोकतोय हे हाताला कळत नाही. कमी राहिला तर सैल, जास्त झाला तर बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या महिन्यात तुटतो. इम्पॅक्टने बसवा, शेवट टॉर्क रेंचने करा आणि पेंट मार्करची रेघ मारा.

सर्व्हिस_इंजिनिअर

थोडं अवांतर. पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसला मी विमानाने फिरतो. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास. विमानात १०० च्या आतली बॅटरी विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत न्यायची आणि टर्मिनलवर टेप लावायची. टूल मात्र चेक-इनमध्ये. ८ एएचचा पॅक १४४ भरतो, म्हणून फिरणाऱ्यांनी ५ च्या पुढे जाऊ नका.

वायरमन_वाळूज

ग्राइंडरचं कुणी बोलेना. माझं मत, कॉर्डलेस ग्राइंडर एकच घ्या आणि तो ब्रेकवाला, पॅडल स्विचवाला घ्या. हात सुटला की थांबला पाहिजे. वायरच्या ग्राइंडरची वायर दिसते, म्हणून माणूस चकती बदलताना प्लग काढतो. बॅटरीचा ग्राइंडर निरुपद्रवी वाटतो आणि लोक बॅटरी न काढताच चकती बदलायला बसतात.

चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. मधल्या लोखंडी रिंगवर मुदतीची तारीख असते, ती बघा. गार्ड काढून मोठी चकती लावलेली मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की आता बघितली तर काम थांबवतो, मग समोर कोणीही असो.

पान्हा_१९

मी म्हणतो ग्राइंडर घेऊच नका. आमच्याकडे अँगल कापताना ५ एएचचा पॅक चहाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. कापणं आणि घासणं हे वर्कशॉपचं काम, तिथे सॉकेट आहे.

ऑफसीझन

@पान्हा_१९, सुटत नसलेला बोल्ट तीस फुटांवर कापावा लागतो तेव्हा वर्कशॉप वर येत नाही. दिवसाला चार बोल्ट कापायचे असतील तर एक पॅक पुरतो. माझं मत वायरमनदादांच्या बाजूने.

स्टोअरताई

आणखी एक. बाजारात निम्म्या किमतीच्या, तशाच दिसणाऱ्या बॅटऱ्या मिळतात. आमच्या पर्चेसने दोन आणल्या. वर ५ एएच छापलेलं. एक फुगली म्हणून इलेक्ट्रिशियनने उघडली, तर आत सेलची एकच ओळ. सेलवार व्होल्टेज बघणाऱ्या बारीक तारा बोर्डापर्यंत आल्याच नव्हत्या. रात्री स्टोअरला कुलूप लावून मी घरी जाते, चार्जर आत चालू असतो. मी लेखी नकार दिला, पुन्हा आल्या नाहीत.

मेलेल्या बॅटऱ्याही भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. डीलरला सांगा, पोच घ्या.

फिटर_चाकण

मंडळी, दीड महिन्याने परत आलोय. काय घेतलं ते सांगायला हवं.

तुमचे प्रतिसाद छापून पर्चेसच्या साहेबांसमोर ठेवले. एकच कंपनी, १८ व्होल्ट, हे त्यांना पटलं. तीन कोटेशन मागवली, पण तिन्ही एकाच कंपनीच्या तीन डीलरची. दोन ड्रिल, एक अर्धा इंची इम्पॅक्ट, एक हॅमर. ५ एएचचे चार पॅक, २ एएचचे दोन, दोन चार्जर. इलेक्ट्रिशियनला १२ व्होल्टचा छोटा. काळ्या गोट्या आल्या, चकचकीत सेटवर ‘फक्त हाताने’ असं लिहून ठेवलं. ग्राइंडर या वेळी नाही घेतला. @ऑफसीझन, @वायरमन, तुमचं पटलंय, पण ब्रेकवाला बजेटबाहेर गेला आणि बिनब्रेकचा घ्यायचा नाही हे तुमच्याकडूनच शिकलो. पुढच्या तिमाहीत.

ताईंची फळी तशीच्या तशी केली. पहिल्या आठवड्यात सी शिफ्टने दोन बॅटऱ्या लॉकरमध्ये ठेवल्याच. मी काही बोललो नाही, हिरवा खण रोज भरलेला राहील एवढंच पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात त्या फळीवर आल्या.

परवा रात्री तोच कन्व्हेयर पुन्हा थांबला. या वेळी दुसऱ्या बाजूचं ब्रॅकेट. लॉगबुकात थांबलेला वेळ अकरा मिनिटं. त्यातली दोन शिडी आणायला.

स्टोअरताई

वाचून फार बरं वाटलं. नंबर कशाने टाकलेत? मार्करने टाकले असतील तर तेलाच्या हाताने महिन्यात पुसले जातील.

फिटर_चाकण

मार्करनेच टाकलेत ताई. उद्या ए शिफ्टला ऑइल पेंट काढतो.